कै. साने गुरुजी आणि अमळनेरचे छात्रालय

ज्युबिलीच्या स्मरणिकेत संतांची चरित्रे यावीत, तसेच ज्या धर्मगुरूंनी व धर्मभगिनींनी येथे येऊन श्रम केले त्यांचे कृतज्ञ स्मरण व्हावे, हे सर्वथा युक्त होय. ते काम आमच्याहून अधिक अधिकारी लेखणीचे आहे. आम्ही या पानांत अशा एका पुरुषाचे अल्प चरित्र सांगण्याचे योजिले आहे, की जो आमच्या ख्रिस्तसभेचा नव्हता, जन्माने व आचाराने हिंदू होता, आणि तरीही ज्याचे नाव निघाले म्हणजे खानदेशातील जुन्या माणसांचा स्वर आपोआप मृदू होतो. कै. पांडुरंग सदाशिव साने, म्हणजेच साने गुरुजी, हे ते पुरुष होत. मेहरूणहून अमळनेर काही फार लांब नाही. जळगाव स्टेशनात सुरतेकडे जाणाऱ्या गाडीत बसावे, धरणगाव मागे टाकावे, की थोड्याच वेळात बोरी नदीच्या काठचे ते गाव येते. तेथील एका छात्रालयात या पुरुषाने जे केले, ते आमच्या धर्मग्रामाने नीट ध्यानात घेण्याजोगे आहे असे आम्हांस वाटते.

असे वाटण्यास कारण आहे. दहावीचा निकाल लागला, की आमच्यापैकी कित्येक घरांत रात्री एकच बोलणे चालते. मुलाने पुढे शिकावे, की चटईच्या अथवा दाळीच्या कारखान्यात रोजावर लागावे? बाप बोटांवर हिशेब मांडतो, आई चुलीशी गप्प बसते, आणि ज्याच्याविषयी हे बोलणे चालले आहे तो मुलगा पांघरुणाखाली जागा असतो. मुलगी असली तर पुष्कळदा एवढे बोलणेही होत नाही. हा निर्णय त्या त्या घराचा खाजगी आहे असे आपण समजतो, आणि रविवारी मिस्सा आटोपल्यावर त्याच बापाशी पावसापाण्याच्या गोष्टी बोलतो. शंभरांहून अधिक वर्षांपूर्वी कोकणातील पालगड गावी एका घरात नेमके हेच बोलणे चालले होते, आणि त्याचा निकाल थोडा निराळा लागता तर महाराष्ट्रास साने गुरुजी लाभलेच नसते.

पांडुरंगाचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी, म्हणजे आपण नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्सेची वाट पाहत असतो त्या दिवशी, रत्नागिरी जिल्ह्यातील पालगड येथे झाला. वडील सदाशिवराव हे खोत घराण्यातील. खोती म्हणजे गावचा सारा वसूल करून सरकारात भरण्याचे वंशपरंपरागत काम. त्या योगाने घराण्यास एके काळी चांगले दिवस होते. पांडुरंग जाणता होईपर्यंत ते दिवस सरले. कर्ज वाढले, भांडणे वाढली, आणि अखेर राहत्या घरावर जप्ती आली. आई यशोदाबाई हिने या पडत्या काळात मुलांना जे वळण लावले त्याची हकीगत पुढे त्याच मुलाने लिहिली, व ती मराठी वाचणाऱ्या बहुतेक घरांत पोहोचली आहे. म्हणून ती आम्ही येथे पुन्हा सांगत नाही.

प्राथमिक शिक्षणानंतर पांडुरंगास दापोलीच्या मिशन हायस्कुलात घालण्यात आले. ही शाळा प्रॉटेस्टंट बंधूंची. आपल्याकडे पंथाचा भेद आपण अनेकदा वाजवीपेक्षा मोठा करतो. तथापि कोकणातील एका दरिद्री ब्राह्मणाच्या मुलास इंग्रजी शिक्षणाचा दरवाजा ज्या शाळेने उघडला ती ख्रिस्ताच्या नावाने चाललेली होती, हे आम्हांस नमूद करावेसे वाटते. तेथे त्याची गणना हुशार मुलांत होई. मराठी व संस्कृत या भाषांवर त्याचा विशेष जीव, आणि कवितेचा नाद तेव्हापासूनचा. परंतु हुशारीने फी भागत नाही. घरची स्थिती इतकी खालावली, की थोरल्या भावाप्रमाणे आपणही नोकरी धरावी, हा विचार त्याच्या मनात पक्का होऊ लागला.

या ठिकाणी एका मित्राने त्यास बातमी दिली, की सातारा प्रांतातील औंध संस्थानात गरीब विद्यार्थ्यांच्या शिक्षणाची व जेवणाची फुकट सोय होते. ही बातमी हीच त्या वेळची मदत. मित्राने पैसा दिला नाही, कारण त्याजपाशी तो नसावा. त्याने फक्त दरवाजा कोठे आहे ते सांगितले. आम्ही या गोष्टीवर मुद्दाम थांबतो. शिष्यवृत्तीचा अर्ज कोठे मिळतो, वसतिगृहात प्रवेश केव्हा होतो, कोणता दाखला तहसील कचेरीतून आधी काढून ठेवावा लागतो, हे ज्यांना ठाऊक असते त्यांची मुले बहुधा त्या मदतीवाचूनही शिकतात. आणि ज्यांना त्या मदतीची खरी गरज, त्यांना मुदत संपल्यावर कळते. एका शाळकरी मित्राने जे केले ते आमच्यातील पदवीधरांनी व पेन्शनरांनी वर्षातून एकदा केले, तरी पुष्कळ होईल.

आईवडिलांनी संमती दिली आणि मुलगा औंधास गेला. तेथे सुख लागले असे नाही. परक्या मुलखात, ओळखीवाचून, अपुऱ्या साधनांवर त्याने दिवस काढले, परंतु अभ्यास सोडला नाही. इतक्यात प्लेगची साथ आली व विद्यार्थ्यांना घरोघर परतावे लागले. पालगडास आलेल्या या मुलाने एके रात्री वडिलांचे बोलणे ऐकले. हा खरोखरच शिकतो आहे, की शिक्षणाच्या निमित्ताने दिवस घालवितो आहे, अशी शंका वडील आईपाशी बोलून दाखवीत होते. सदाशिवरावांस दोष देण्याचे कारण नाही. ज्याच्या घरावर जप्ती येते त्याच्या मनात कोणाविषयीही शंका येते. पण ते शब्द मुलाच्या जिव्हारी लागले. असे शब्द ऐकून अनेक मुले पुस्तक मिटून ठेवतात. पांडुरंग उठला तो पुण्यास गेला, आणि नूतन मराठी विद्यालयात त्याने नाव घातले.

पुण्यातील दिवस कदान्नाचे व अर्धपोटी होते. १९१७ साली मातोश्री वारल्या, व मायलेकरांची अखेरची भेट झाली नाही. ही खंत त्यांना जन्मभर पुरली. १९१८ साली ते मॅट्रिक झाले. पुढे न्यू पूना कॉलेजात, ज्यास नंतर सर परशुरामभाऊ कॉलेज हे नाव मिळाले, त्यांनी बी. ए. केले आणि मागाहून एम. ए. ही पदवीही संपादन केली. हा सारा प्रवास आम्ही चार ओळींत सांगितला. ज्याने तो केला त्यास दहाबारा वर्षे लागली, आणि त्या वर्षांत मिशन शाळा, एक मित्र, एक संस्थान, आणि पुण्यातील किती तरी अनाम माणसे यांचे हात लागले. यांपैकी एकही हात पुरेसा नव्हता. प्रत्येक ठिकाणी मदत मध्येच तुटत होती व मुलगा पुढचे टोक स्वतः शोधीत होता. बहुतेक मुलांस ते टोक सापडत नाही.

आता अमळनेरकडे वळू. या गावी श्रीमंत प्रतापशेठ नावाचे एक गिरणीमालक होऊन गेले. कापडाच्या गिरणीतून मिळविलेल्या द्रव्याचा मोठा भाग त्यांनी विद्येकडे वळविला. त्यांच्या औदार्याने येथे हायस्कूल उभे राहिले. १९१६ साली तत्त्वज्ञान मंदिर स्थापन झाले, जेथे देशभरातील पदवीधर येऊन तत्त्वज्ञानाचा अभ्यास करीत. आणि १९४५ साली प्रताप कॉलेजही निघाले. खानदेशासारख्या, कापसाशिवाय दुसरे फारसे काही नसलेल्या समजल्या जाणाऱ्या प्रांतात, एका तालुक्याच्या गावी हे घडले ही सामान्य गोष्ट नव्हे. साने प्रथम आले ते या तत्त्वज्ञान मंदिरात. पण केवळ चिंतनात त्यांचे मन रमेना. १९२४ साली ते प्रताप हायस्कुलात शिक्षक झाले, आणि लवकरच शाळेच्या छात्रालयाची व्यवस्था त्यांच्याकडे आली.

छात्रालयातील मुले आसपासच्या खेड्यांतून आलेली. कोणी शेतकऱ्याचा, कोणी कारकुनाचा, बहुतेक प्रथमच घर सोडून राहणारी. ज्यांनी वसतिगृहे पाहिली आहेत त्यांना ठाऊक आहे, की तेथील व्यवस्थापक हा सामान्यतः हजेरीचा, कुलपाचा व छडीचा अधिकारी असतो. साने यांनी निराळाच मार्ग धरला. ते मुलांच्या खोल्या स्वतः झाडीत. अंथरुणे पसरलेली दिसली तर गुंडाळून ठेवीत. मळके कपडे पडलेले असले तर धुऊन वाळत घालीत. मुलगा आजारी पडला तर रात्र रात्र त्याच्या उशाशी बसत. कोणास शिक्षा म्हणून नव्हे, अथवा लाजविण्यासाठीही नव्हे. आईवाचून राहिलेल्या मुलास आई लागते, आणि येथे दुसरे कोणी नाही, एवढाच त्यांचा हिशेब. परिणाम मात्र असा झाला, की मुले आपापल्या खोल्या आपणच झाडू लागली. पवित्र गुरुवारी वेदीपुढे बारा जणांचे पाय धुतले जाताना आम्ही वर्षानुवर्षे पाहत आलो आहोत. त्या विधीचा अर्थ या हिंदू शिक्षकाने सहा वर्षे रोज सकाळी आचरिला, असे म्हटल्यास कोणी आम्हांस दोष देणार नाही अशी आशा आहे.

पगार हाती आला, की त्यातील बराचसा गरजू मुलांवर जाई. पण पैशापेक्षा वेळ त्यांनी अधिक दिला. छात्रालयासाठी ते हाताने लिहिलेले एक दैनिक काढीत. दिवसभर वर्गात शिकवून, मुलांचे कपडे धुऊन, पुन्हा रोज नवा मजकूर सिद्ध करावयाचा हे काम किती जिकिरीचे, ते लिहिणारास कळेल. देशात काय चालले आहे, थोर माणसे कशी घडली, एखादे पुस्तक कशासाठी वाचावे, असा मजकूर त्यात असे. खेड्यातील ज्या मुलाच्या घरी वर्तमानपत्र येत नाही, त्याच्यासाठी त्याच्या गुरूने एक स्वतंत्र वर्तमानपत्र काढले होते! १९२८ साली यातूनच पुढे जाऊन त्यांनी विद्यार्थी नावाचे मासिक सुरू केले, व ते छात्रालयाबाहेरच्या मुलांतही लोकप्रिय झाले.

येथे वाचकांस संत जॉन बॉस्को यांची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. १८१५ साली इटलीतील एका खेड्यात जन्मलेला, दोन वर्षांचा असताना बापास मुकलेला तो मुलगाही असाच ठिकठिकाणी कामे करून शिकला, धर्मगुरू झाला, आणि तुरीन शहरात रस्त्यावर भटकणाऱ्या मुलांना जवळ करू लागला. १८४६ साली त्याची वृद्ध आई मार्गारिता आपले घर सोडून त्याच्याकडे आली, व १८५६ साली मरेपर्यंत परक्यांच्या मुलांचे जेवण रांधीत व कपडे शिवीत राहिली. १९३४ साली ख्रिस्तसभेने त्या पुत्रास संतपद दिले. दोघांच्या धर्मात, देशात व काळात पुष्कळ अंतर आहे, आणि आम्ही एकास दुसऱ्याच्या मापाने मोजू इच्छीत नाही. पण शिक्षणाच्या कामात स्वयंपाक, धुणे व उशाशी बसणे यांचे स्थान पुस्तकापेक्षा कमी नाही, हे दोघांनी ओळखले होते.

प्रतापशेठ मोठे की साने मोठे, असा वाद कोणी काढील तर तो व्यर्थ आहे. शेठजींची इमारत नसती तर गुरुजींना झाडावयास खोल्या नसत्या. परंतु आमच्यासारख्या लहान समाजाची चूक बहुधा एकाच बाजूस होते. ज्युबिली आली की आपण इमारतीचा विचार करतो. पावतीपुस्तके छापतो, देणगीदारांची नावे संगमरवरावर कोरतो. मग सभागृह उभे राहते, लग्नकार्यास भाड्याने दिले जाते, आणि आठवड्याचे पाच दिवस त्यास कुलूप असते. एका खोलीत आठ माणसे राहतात अशा घरातील मुलाला त्याच वेळी अभ्यासास बसण्याची जागा नसते. सायंकाळी सात ते नऊ त्या सभागृहाचे दार उघडे ठेवावे, चांगला दिवा व पिण्याचे पाणी असावे, आणि आळीपाळीने एक एक वडील माणूस तेथे बसावे, एवढ्यास फार खर्च येत नाही. त्या माणसास बीजगणित येण्याचीही गरज नाही. मुलगा आला नाही तर दुसऱ्या दिवशी त्याच्या घरी जाऊन विचारील, इतके त्याचे मन असावे. निधी गोळा करणे याहून सोपे आहे, हे आम्ही जाणतो.

गुरुजींच्या उरलेल्या आयुष्याचा वृत्तांत सर्वश्रुत आहे, तो त्वरेने सांगतो. १९३० साली महात्माजींनी मिठाचा सत्याग्रह आरंभिला आणि सान्यांनी शाळा सोडली. धुळे, त्रिचनापल्ली, नाशिक असे तुरुंग त्यांनी पाहिले. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा भावे दर रविवारी गीतेवर बोलत, ते शब्द गुरुजींनी टिपून घेतले म्हणून आज आपणांस पुस्तकरूपाने वाचावयास मिळतात. १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात अवघ्या पाच दिवसांत त्यांनी श्यामची आई हे पुस्तक लिहिले, व ते १९३५ साली प्रसिद्ध झाले. १९३६ साली आपल्याच जिल्ह्यात, फैजपूर येथे, काँग्रेसचे खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन झाले. त्यासाठी ते खानदेशभर गावोगाव हिंडले. पुढे शेतकऱ्यांची व गिरणीकामगारांची गाऱ्हाणी मांडण्यास त्यांनी अमळनेरहून साप्ताहिक काढले, १९४२ च्या चळवळीनंतर पुन्हा तुरुंग भोगला, आणि १९४७ च्या मे महिन्यात पंढरपूरचे विठ्ठलमंदिर हरिजनांस खुले व्हावे म्हणून प्राणांतिक उपोषण करून ते खुले करविले. १५ ऑगस्ट १९४८ रोजी साधना साप्ताहिक सुरू केले. एका प्रांताच्या मुलांनी दुसऱ्या प्रांताची भाषा शिकावी, यासाठी आंतरभारतीची कल्पना त्यांनी मांडली. एवढ्या धकाधकीतही लहान मुलांसाठी गोष्टी लिहिणे कधी थांबले नाही. शिक्षकाची नोकरी सहा वर्षांत सुटली. गुरुजी हे नाव मात्र मरेपर्यंत व त्यानंतरही राहिले.

११ जून १९५० रोजी, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी, त्यांनी आपल्याच हाताने आपले जीवन संपविले. हे लिहिताना आमची लेखणी अडखळते. तथापि चरित्र सांगावयाचे व हे गाळावयाचे, यास प्रामाणिकपणा म्हणता येणार नाही. अशा जीवांच्या तारणाविषयी निराश होऊ नये, जो मार्ग परमेश्वरास ठाऊक आहे त्या मार्गाने तो त्यांना पश्चात्तापाची संधी देऊ शकतो, आणि आपण त्यांच्यासाठी प्रार्थना करावी, असे ख्रिस्तसभा आपणांस शिकविते. आम्ही ती करतो. त्यांच्या अंतःकरणातील दुःखाचा निवाडा करणे आमचे काम नव्हे. महात्माजींच्या हत्येचा घाव त्यांच्या कोमल मनावर खोल बसला होता, आणि देशात जे चालले होते ते त्यांना साहवत नव्हते, इतके सर्व चरित्रकार सांगतात.

पण एक विचार आमच्या मनातून जात नाही. ज्याच्याकडे सारी मुले आपले रडगाणे घेऊन येतात, त्याने ते कोणाकडे न्यावे? आपल्या वस्त्यांतही असे एखादे माणूस असते. एखादी धर्मभगिनी, धर्मशिक्षण देणारी एखादी बाई, सायंकाळी शिकवणी घेणारा एखादा तरुण. त्याच्यावर आपण साऱ्या गावाची मुले सोपवितो, त्याची स्तुती करतो, आणि निश्चिंत होतो. तो जेवला की नाही, त्याची प्रकृती कशी आहे, त्याच्या मनाला काय खाते आहे, हे विचारण्याचे आपल्या ध्यानात येत नाही. आणि तो थकून निघून गेला म्हणजे दुसरा का मिळत नाही याचे आश्चर्य करतो. ज्या धर्मग्रामास मुलांची काळजी वाहावयाची आहे, त्याने त्या काळजी वाहणाऱ्यासही अधूनमधून जेवावयास बोलवावे. आळीपाळीने बसण्याचे आम्ही वर सुचविले, ते याच कारणास्तव; एकाच खांद्यावर एवढे ओझे देऊ नये.

अमळनेर आज पुष्कळ बदलले आहे. २०२४ च्या फेब्रुवारीत तेथे सत्त्याण्णवावे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, व संमेलनाच्या नगरीस साने गुरुजींचेच नाव देण्यात आले होते. आचार्य अत्रे यांनी १९५३ साली श्यामच्या आईवर काढलेल्या चित्रपटास राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळाले. जगावर प्रेम करण्यास सांगणारी त्यांची प्रार्थना सर्व धर्मांची मुले हात जोडून म्हणतात, आमचीही म्हणतात. आणि शाळांच्या ग्रंथालयांत चौकशी केली तर असे आढळते, की त्यांच्या त्या पाच दिवसांत लिहिलेल्या पुस्तकाची प्रत कपाटात क्वचितच सापडते, आणि सापडली तर तिची पहिली काही पाने सुटलेली असतात.